पुरुष घोड्यावरून का उतरला?

आज जगात हौसेने घोडेस्वारी शिकणाऱ्यांमध्ये पुरुषांपेक्षा स्त्रिया कितीतरी जास्त आहेत, असे सोलापूर जिल्ह्यातल्या कोणाला सांगितले तर त्याचा चटकन विश्वास बसणार नाही. आपल्याकडे घोडा दिसतो तिथे त्याच्याभोवती पुरुषांचाच गराडा असतो. आषाढीच्या वाटेवर माळशिरस तालुक्यात सदाशिवनगरला माउलींच्या पालखीचे गोल रिंगण लागते, तेव्हा पताका घेऊन दौडणारा स्वार पुरुष असतो. त्याच्या जोडीने धावणाऱ्या माउलींच्या अश्वाची पाठ तर परंपरेने रिकामीच असते. दिवाळीच्या सुमारास अकलूजला घोडेबाजार भरतो. तिथे घोड्याचे दात पाहणारे, पायांवरून हात फिरवून सूज आहे का ते चाचपणारे, अंगावरचे केसांचे भोवरे आणि देवमण (मानेवरचा शुभ मानला जाणारा भोवरा) तपासून किमतीची घासाघीस करणारे बहुतेक सगळे पुरुषच. लग्नसराईत मंगल कार्यालयासमोर बँडच्या गजरात नवरदेवाला पाठीवर घेऊन उभी असलेली घोडी आणि तिचा लगाम घट्ट धरून चालणारा मालक, हे दृश्यही त्यातलेच.

तरीही ते विधान खरे आहे. फक्त ते कोणत्या घोडेस्वारीबद्दल आहे, हे आधी स्पष्ट करून घ्यावे लागते. ब्रिटन आणि जर्मनीसारख्या देशांत छंद म्हणून घोड्यावर बसणाऱ्या चार जणांपैकी साधारण तीन स्त्रिया असतात, आणि स्वीडनमध्ये स्त्रियांचे प्रमाण त्याहूनही जास्त आहे. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातही शिकवणीच्या तबेल्यांमध्ये मुलींचीच गर्दी असते. भारतात सैन्य, पोलीस, शर्यती आणि वराती हे सगळे धरले तर एकूण घोडेस्वार अजून पुरुषच आहे. पण मोठ्या शहरांतल्या फी भरून शिकायच्या वर्गांत मुली ठळकपणे दिसू लागल्या आहेत. म्हणजे एकाच प्राण्याच्या पाठीवर एके ठिकाणी पुरुष आहे आणि दुसऱ्या ठिकाणी स्त्री. पुरुषांना घोड्याची आवड नसते किंवा मुलींना ती उपजतच असते, अशा उत्तरांनी हा फरक उलगडत नाही. माझ्या मते खरा प्रश्न असा आहे की, हजारो वर्षे घोड्यावर मांड ठोकून बसलेला पुरुष विसाव्या शतकात खाली का उतरला, आणि त्याने मोकळ्या केलेल्या जागेवर स्त्री कशी आली.

शरीराचे कारण किती खरे?

या विषयावर गप्पा निघाल्या की सर्वांत आधी शरीररचनेचे कारण पुढे येते. पुरुषाच्या नाजूक अवयवांना खोगिरावर त्रास होतो आणि स्त्रीच्या ओटीपोटाची ठेवण बसायला सोयीची असते, असे सांगितले जाते. यात तथ्याचा अंश आहे, पण तो नवशिक्यापुरताच. घोडा साध्या चालीने चालत असतो तोवर कोणालाही काही होत नाही. तो दुडकी चालू लागला की त्याची पाठ पावलागणिक वर उसळते, आणि त्या लयीबरोबर रिकिबीवर, म्हणजे खोगिराला लटकणाऱ्या पायकडीवर, भार देऊन उठता-बसता आले नाही तर स्वार खोगिरावर आदळत राहतो. पुरुषाला हे आदळणे जास्त लागते, यात शंका नाही. मात्र उठण्या-बसण्याची लय अंगवळणी पडली, खोगीर मापाचे असले आणि आतले कपडे घट्ट असले की हा त्रास बहुतांशी संपतो.

शरीर हेच खरे कारण असते तर इतिहास उलटा घडायला हवा होता. चीनच्या पश्चिमेकडे तुर्फानच्या खोऱ्यात यांगहाई येथील थडग्यांत सुमारे ३००० वर्षांपूर्वीच्या लोकरीच्या विजारी सापडल्या आहेत. आजवर मिळालेल्या सर्वांत जुन्या विजारींमध्ये त्यांची गणना होते, आणि त्या वापरणारे पुरुष घोडेस्वार होते असे अभ्यासक मानतात. म्हणजे घोड्यावर नीट बसता यावे म्हणून पुरुषाने कपड्यांचा प्रश्नसुद्धा फार पूर्वीच सोडवला होता. आजही अफगाणिस्तानातला बुझकशी हा घोड्यावरून खेळायचा खेळ पुरुषच खेळतात, आखाती देशांतल्या लांब पल्ल्याच्या शर्यतींत पुरुषांचा भरणा असतो आणि अर्जेंटिनाच्या पोलो संघांची नावे घेतली तर ती पुरुषांचीच निघतात. शरीर सगळीकडे सारखेच आहे. बदलतो तो देश, आणि घोडा कशासाठी वापरायचा तो हेतू.

याच्या बरोबर उलटा समजही आपल्याकडे आहे. घोडा आवरायला ताकद लागते, म्हणून ते बाईमाणसाचे काम नव्हे, असे मानणारे लोक कमी नाहीत. साधा विचार केला तरी हे टिकत नाही. मध्यम आकाराच्या घोड्याचे वजन ३५० ते ५०० किलो असते, आणि इतक्या वजनाच्या प्राण्याशी रस्सीखेच करून कोणताही पुरुष जिंकू शकत नाही. घोडा ऐकतो ते दाब आणि सुटका यांच्या नेमक्या वेळेमुळे. पायाने किंवा लगामाने हलका दाब द्यायचा आणि घोड्याने प्रतिसाद दिला की त्याच क्षणी तो सोडायचा, एवढीच ही भाषा आहे. जो लगाम ओढूनच धरतो त्याचा घोडा काही दिवसांत लगामाला दाद देईनासा होतो. तंग आवळण्याचे साधे काम घ्या. अनेक घोडे खोगिराचा पट्टा आवळताना पोट फुगवून धरतात. त्या वेळी कितीही जोर लावला तरी पट्टा पुढे सैल पडतो आणि खोगीर एका बाजूला कलते. जाणता माणूस पट्टा बेताचा आवळतो, घोड्याला चार पावले चालवतो आणि त्याने श्वास सोडल्यावर पुन्हा एक-दोन भोके आत घेतो. या कामात जोरापेक्षा धीर लागतो, आणि तो पुरुषालाही असतो व स्त्रीलाही.

घोडा म्हणजे पगार होता तेव्हा

मग पुरुष इतकी शतके घोड्यावर का होता? कारण घोडा हे सत्तेचे, लढाईचे आणि पोटापाण्याचे साधन होते. मराठ्यांच्या घोडदळात स्वतःचा घोडा आणि हत्यारे आणणारा तो शिलेदार, आणि सरकारी पागेतला घोडा मिळणारा तो बारगीर. शिवकालीन व्यवस्थेत पंचवीस घोड्यांमागे एक हवालदार, पाणी पुरवणारा एक पखालजी आणि नाल ठोकणारा एक नालबंद अशी नेमणूक असे. यातले प्रत्येक पद म्हणजे नोकरी होती, आणि नोकरी पुरुषाची होती. घोडा चांगला असेल तर मान वाढे, आणि घोडा मेला तर शिलेदाराच्या घरावर संकट येई. या जगात घोड्याची आवड असणे किंवा नसणे हा प्रश्नच गौण होता.

स्त्रिया त्या काळातही घोड्यावर बसत होत्या. ताराबाई, उमाबाई दाभाडे, अहिल्याबाई होळकर आणि झाशीची राणी लक्ष्मीबाई ही नावे प्रत्येकाला ठाऊक आहेत. पण या स्त्रिया राजघराण्यांतल्या किंवा सरदार घराण्यांतल्या होत्या. सामान्य घरातली मुलगी बारगीर होऊ शकत नव्हती. दुसऱ्या टोकाला धनगरांची वाडी, म्हणजे मेंढरांमागे फिरणारा त्यांचा तळ, पाहा. मेंढरे घेऊन पुरुष पुढे जातात आणि बिऱ्हाड, कोकरे, भांडीकुंडी घोड्यावर लादून तो तळ हलवण्याचे काम अनेकदा बायाच करतात. भीमथडीचे जे काटक तट्टू मराठ्यांच्या स्वाऱ्यांमुळे नावाजले, त्याच जातीचे घोडे पुणे, सोलापूर, सातारा आणि नगरकडच्या धनगरांकडे ओझे वाहताना दिसतात. एकाच जातीच्या घोड्यावर लढाईचे खोगीर चढले की तो पुरुषाचा झाला, आणि संसार लादला गेला की तो बाईच्या हाती आला. घोड्याच्या पाठीवर कोणी बसायचे हे त्या कामाच्या प्रतिष्ठेवरून ठरत होते, असे मला वाटते ते यामुळेच. देशाच्या काही भागांत दलित नवरदेवाने घोडीवरून वरात काढली म्हणून अजूनही त्याला अडवले जाते, यामागेही तीच प्रतिष्ठेची गोष्ट आहे.

युरोपात उच्चवर्गीय स्त्रियांना घोड्यावर बसण्याची मुभा होती, पण दोन्ही पाय एकाच बाजूला सोडून. त्यासाठी खास खोगीर बनवले जाई, आणि लांब झग्यात तसे बसून कुंपणावरून उड्या मारणाऱ्या स्त्रियाही होत्या. दोन्ही बाजूंना पाय टाकून बसणे स्त्रीला शोभत नाही ही समजूत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हळूहळू ढिली पडली.

या बदलाचा सर्वांत स्वच्छ आलेख ऑलिंपिकमध्ये दिसतो. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकपासून घोडेस्वारी या स्पर्धांत नियमितपणे आली, पण पुढची अनेक वर्षे ते मैदान जवळजवळ पूर्णपणे लष्करी अधिकाऱ्यांचे होते. तिथे बाई तर नव्हतीच, साधा शिपाईसुद्धा नव्हता. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज या प्रकारात, म्हणजे घोड्याकडून ठरावीक चाली आणि वळणे नेटकेपणाने करून घेण्याच्या स्पर्धेत, स्वीडनच्या संघाने सुवर्णपदक जिंकले. नंतर असे उघड झाले की संघातला पेर्सन हा स्वार मुळात सार्जंट होता आणि स्पर्धेपुरती त्याला लेफ्टनंटची बढती देण्यात आली होती. पुढच्या वर्षी स्वीडनचे पदक काढून घेतले गेले आणि ते फ्रान्सला मिळाले. घोडा तोच, स्वार तोच, गुण तेच. कमी पडला तो फक्त खांद्यावरचा हुद्दा. या प्रकाराने, अधिकारी नसलेल्या सैनिकाला मज्जाव करणाऱ्या नियमाचा पोकळपणा चव्हाट्यावर आला आणि तो बदलावा लागला. १९५२ मध्ये हेलसिंकीला स्वीडनचे तेच तिघे पुन्हा उतरले आणि त्यांनी ते सुवर्णपदक रीतसर जिंकले.

त्याच १९५२ च्या स्पर्धेत ड्रेसाजमध्ये प्रथमच स्त्रियांना प्रवेश मिळाला, आणि डेन्मार्कच्या लिस हार्टेल या स्त्रीने वैयक्तिक रौप्यपदक पटकावले. १९४४ मध्ये गरोदर असताना तिला पोलिओ झाला होता आणि गुडघ्यांखालचे तिचे पाय कायमचे लुळे पडले होते. घोड्यावर चढायला आणि उतरायला तिला दुसऱ्याची मदत लागे. घोडेस्वारीत घोड्याला सूचना देण्याचे मुख्य साधन म्हणजे पोटऱ्या आणि टाचा. ते साधनच हातचे गेल्यावर तिने आपल्या धडाचा भार किंचित इकडे-तिकडे करून घोड्याला इशारे द्यायची सवय लावली. पदक स्वीकारताना सुवर्णविजेत्या स्वीडिश अधिकाऱ्याने तिला आधार देऊन मंचावर चढवले. १९५६ मध्ये तिने पुन्हा रौप्यपदक जिंकले. स्त्रियांना ही स्पर्धा झेपेल का, या शंकेला याहून रोखठोक उत्तर मिळणे कठीण होते.

१९५६ मध्ये अडथळ्यांवरून उड्या मारण्याची स्पर्धा स्त्रियांना खुली झाली, आणि १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज, मोकळ्या रानातली दौड आणि उड्या यांची मिळून होणारी इव्हेंटिंग स्पर्धाही. तेव्हापासून या खेळात पुरुषांचा आणि स्त्रियांचा वेगळा गट नाही. दोघेही एकाच यादीत, एकाच पदकासाठी लढतात.

रिकामी झालेली जागा

नियम बदलले म्हणून स्त्रिया आल्या, हे अर्धेच उत्तर झाले. त्याच काळात घोड्याची नोकरी संपत चालली होती, हे उरलेले अर्धे. पहिल्या महायुद्धात सुमारे ८० लाख घोडे मेले असा अंदाज सांगितला जातो. त्यानंतर रणगाडा, मालमोटार आणि ट्रॅक्टर आले, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास भारतातल्या लष्करी रिसाल्यांनीही, म्हणजे घोडदळाच्या पथकांनीही, घोडे सोडून वाहने घेतली. स्वातंत्र्यानंतर संस्थानांच्या घोडदळांतून १९५३ मध्ये उभी राहिलेली ६१ वी कॅव्हलरी ही घोड्यांवर राहिलेली अपवादात्मक पलटण. घोड्यामुळे मिळणारा पगार, हुद्दा आणि दरारा या तिन्ही गोष्टी पुरुषाच्या हातून एका पिढीत निसटल्या. ज्याला वेग हवा होता त्याला मोटारसायकल मिळाली. ज्याला मैदान गाजवायचे होते त्याला युरोपात फुटबॉल होता आणि आपल्याकडे क्रिकेट.

घोडे मात्र उरले होते, आणि ते शिकवू शकणारे निवृत्त लष्करी अधिकारीही उरले होते. त्यांनी काढलेल्या शिकवणीच्या तबेल्यांना विद्यार्थी हवे होते. ब्रिटनमध्ये १९२९ मध्ये मुलांसाठी पोनी (लहान चणीचा घोडा) क्लब सुरू झाला. युद्धानंतर मध्यमवर्गाच्या हाती थोडा पैसा आला तसे असे तबेले युरोपभर वाढले. मुलींसाठी त्या काळी खेळांची दारे फारशी उघडी नव्हती. फुटबॉलपासून तर त्यांना कित्येक देशांत नियमानेच दूर ठेवले होते. ज्या खेळात मुलग्याबरोबर एकाच मैदानात उतरता येते आणि धाडसालाही वाव आहे, असा खेळ समोर आल्यावर मुली तिकडे वळल्या, यात नवल नाही. गणवेश गेला, मिशा गेल्या, आणि काही दशकांत तबेल्याच्या आवाराचे रूपच पालटले.

इथे नेहमी असे सांगितले जाते की स्त्रीला जात्याच काळजी घेण्याची ओढ असते, आणि घोड्याला खरारा करणे, खुरांतली माती आकड्याने काढणे, लीद उचलणे, चंदी म्हणजे दाणावैरण देणे ही सगळी काळजीची कामे असल्याने ती तिथे रमते. मला हे उत्तर फार सोयीस्कर वाटते. खरारा आणि चंदी ही कामे शतकानुशतके मोतद्दार, म्हणजे घोड्याची देखभाल करणारा नोकर, करत आला, आणि मोतद्दार पुरुष होता. घोड्याला पोटशूळ उठला तर रात्रभर त्याच्याजवळ जागणारा पुरुष, नवा घोडा बुजतो म्हणून त्याच्याशेजारी खाट टाकून झोपणारा पुरुष. आजही अकलूजच्या बाजारात आपल्या घोडीच्या आयाळीत बोटे फिरवत तिच्याशी बोलणारे मालक पाहिले तर पुरुषाला काळजी घेता येत नाही असे कोणी म्हणणार नाही. फरक इतकाच की मोतद्दाराला त्याचे दाम मिळत होते. युरोपातल्या तबेल्यांत हीच कामे फुकट किंवा तासाभराच्या स्वारीच्या बदल्यात करणाऱ्या मुलींवर अनेक ठिकाणी सगळा डोलारा उभा आहे. पगार होता तोवर ते पुरुषाचे कसब होते, आणि पगार संपल्यावर तो बाईचा स्वभाव ठरला.

एकदा मुलींची संख्या वाढली की पुढचे आपोआप घडते. आठ-नऊ वर्षांचा मुलगा हौसेने येतो. बाराव्या-तेराव्या वर्षी त्याला उमगते की वर्गात आपल्यासारखे दोघे-तिघेच आहेत, आणि शाळेतली मुले त्यावरून चिडवतात. या वयात मित्रांच्या घोळक्याबाहेर राहणे फार जड जाते. तो क्रिकेटकडे वळतो. त्याच्या जाण्याने वर्गात मुलग्यांची संख्या आणखी घटते, आणि पुढच्या वर्षी येणाऱ्याला ते वर्ग अधिकच परके वाटतात. खेळण्यांच्या आणि बालसाहित्याच्या बाजारानेही पोनी हा प्राणी गुलाबी रंगात रंगवून मुलींच्या कप्प्यात ठेवला, त्याचाही हातभार लागला.

मग वरच्या पायरीवरही स्त्रियाच असायला हव्या होत्या. तसे पूर्णपणे झालेले नाही, आणि या विषयातला हा सर्वांत बोलका भाग आहे. ड्रेसाजमध्ये १९८८ पासून २०२४ पर्यंतच्या सलग १० ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्णपदक स्त्रीनेच जिंकले आहे. याउलट उड्यांच्या स्पर्धेत २०२४ च्या पॅरिसपर्यंत एकाही स्त्रीला वैयक्तिक सुवर्णपदक मिळालेले नाही, आणि इव्हेंटिंगमध्ये ते पहिल्यांदा मिळाले २०२१ मध्ये झालेल्या टोकियोच्या स्पर्धेत, जर्मनीच्या युलिया क्रायेव्स्कीला. घरची चूल बाईची आणि लग्नातला आचारी मात्र पुरुष, हे जे आपल्याकडे दिसते तसाच काहीसा हा प्रकार आहे. उड्यांच्या स्पर्धेत बक्षिसांची रक्कम मोठी असते, घोड्यांच्या किमती कोटींत जातात, श्रीमंत मालक आपला घोडा कोणाच्या हाती द्यायचा ते ठरवतो आणि स्वाराला वर्षभर देशोदेशी फिरावे लागते. मुलेबाळे झाल्यावर ही फिरस्ती कोणाला जमते, याचे उत्तर घोड्याकडे नाही. पैसा आणि नाव जिथे परत येते तिथे पुरुषही परत येतो. तळाशी त्याची संख्या कमी असली तरी शिखरावर तो टिकून राहतो.

आपल्याकडे काय होईल?

भारतात जुनी आणि नवी अशा दोन्ही अवस्था एकाच वेळी नांदत आहेत. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांत घोडेस्वारीचा प्रथमच समावेश झाला. त्यात रघुबीर सिंह यांनी इव्हेंटिंगचे वैयक्तिक सुवर्णपदक जिंकले, इव्हेंटिंगच्या संघानेही सुवर्ण मिळवले, आणि हे यश लष्करातल्या पुरुषांचे होते. पुढचे सुवर्णपदक यायला ४१ वर्षे लागली. २०२३ मध्ये हांगझोऊला ड्रेसाजच्या संघाने ते जिंकले, तेव्हा संघात सुदीप्ती हजेला, दिव्याकृती सिंह, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला असे चौघे होते. दोन मुली, दोन मुलगे, चौघेही नागरी घरांतले आणि युरोपात राहून शिकलेले. लष्कराच्या पागेतून निघालेला हा खेळ पालकांच्या खर्चावर येऊन पोचला, तसे त्यात मुलींचे स्थानही बरोबरीचे झाले. दुसरीकडे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत घोडेस्वारी हा प्रशिक्षणाचा भाग आहे, आणि तिथे २०२२ पासून मुलीही दाखल होत आहेत. म्हणजे जुन्या वाटेनेही मुली आता घोड्यापर्यंत पोचतील.

सोलापूरसारख्या शहरात हा बदल सावकाश होईल, आणि त्याची कारणे अगदी व्यावहारिक आहेत. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, त्यामुळे घोड्यावरचा सराव पहाटे उजाडताच उरकावा लागतो. आठनंतर घोड्यालाही ऊन सोसत नाही. शिकवणीचा खर्च सामान्य घराला सहज परवडणारा नसतो. मुलग्यासाठी खर्च करायचा तर त्यातून पुढे काय मिळणार, हा प्रश्न बाप आधी विचारतो, आणि क्रिकेटच्या तुलनेत घोड्याचे पारडे हलके ठरते. मुलीच्या बाबतीत हिशेब वेगळा असतो. तिने खेळातून कमवावे अशी अपेक्षाच नसल्यामुळे, परवडत असेल तर, ‘शिकू दे हौसेने’ असे म्हणणे सोपे जाते. कमी अपेक्षेचा असा उलटा फायदा मुलींना क्वचितच मिळतो, आणि तोही दहावीचे वर्ष आले की संपतो.

मुलींच्या वाटेत एक अडचण मात्र हमखास येते, ती घरातल्या वडीलधाऱ्यांच्या भीतीची. घोड्यावर बसल्याने मुलीच्या शरीराला इजा होते, पुढे मूल होण्यात अडथळा येतो, असा समज अजून टिकून आहे. त्याला वैद्यकीय आधार नाही. पडण्याचा धोका खरा आहे आणि तो मुलगा-मुलगी पाहत नाही. म्हणून डोक्याला बसणारे हेल्मेट आणि टाच असलेला बूट दोघांनाही लागतो. गरोदरपणात घोडेस्वारी टाळायला डॉक्टर सांगतात तेही पडण्याच्या भीतीमुळेच.

तिशी-चाळिशीतल्या एखाद्या पुरुषाने शिकायचे मनात आणले तर त्याच्यापुढे आणखी एक अडसर असतो, आणि तो वजनाचा. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या १५ ते २० टक्क्यांपेक्षा जास्त भार नसावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. आपल्याकडच्या मारवाडी किंवा काठियावाडी घोड्याचे वजन ३५० ते ४०० किलोच्या आसपास धरले तर ही मर्यादा फार तर ७० ते ८० किलोवर येते, आणि त्यातून खोगिराचे सात-आठ किलो वजा करावे लागतात. म्हणजे ऐंशी किलोच्या गृहस्थाला योग्य घोडा मिळणेच मुश्कील. शिकवणीसाठी ठेवलेले घोडे तर बहुधा लहान चणीचे आणि वयस्क असतात. त्यांच्या पाठीवर दहा-बारा वर्षांची मुले शोभतात. त्या वयात मुलगा निसटला तर पुढे त्याला परत आणण्यासाठी घोडासुद्धा मोठा लागतो.

मुलग्यांचे घोडे नेमके कुठे अडते हे ओळखणारे शिक्षक शिकवण्याचा क्रम थोडा बदलतात. सुरुवातीचे महिने म्हणजे शिक्षकाच्या हातातल्या लांब दोरीवर गोल गोल फिरणे, चाल आणि दुडकी, रोजचा खरारा. मुलगे कंटाळून गळतात ते इथेच. त्यांना टेंट पेगिंगसारखा खेळ दूरवर दिसत असावा लागतो. भरधाव घोड्यावरून वाकून, जमिनीत रोवलेली लाकडी मेख भाल्याच्या टोकाने उचलायची असा हा खेळ आहे. १९८२ च्या त्याच आशियाई स्पर्धांत रूपिंदर सिंह ब्रार यांनी त्यात भारताला सुवर्णपदक मिळवून दिले होते, आणि सैन्य व पोलिसांच्या पथकांत तो आजही जोमात खेळला जातो. भाला हाती येण्याआधी दुडकीवर घट्ट बसणे जमलेच पाहिजे, याला पर्याय नाही. पण तोवर चालत्या घोड्यावरून खांबावरची टोपी उचलणे, लिंबू-चमचा, झेंड्यांची शर्यत असे छोटे खेळ चालीवर आणि दुडकीवर घेता येतात. ब्रिटनच्या पोनी क्लबात असे सांघिक खेळ १९५७ पासून स्पर्धेच्या रूपात चालत आले आहेत. त्यात दोन संघ पाडून मुलगे आणि मुली एकत्र खेळवता येतात, आणि त्यासाठी घोडाही लहान चणीचा, शांत आणि चटकन वळणाराच लागतो.